पणजी पाहायची तर ओहोटीच्या वेळी बाहेर पडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून तीन दिवसांसाठी येताय, मुंबई-पुण्याचं एकोणिसावं शतक वाड्यांतून, गिरण्यांतून, कॉलेजांतून डोळ्यांना दिसतं, तसं पणजीत काय दिसेल? रंगीत घरं आणि चर्च सोडून काही उरलंय का? आणि त्यात मराठी बोलणाऱ्या माणसाचा काही वाटा आहे का, की सगळं पोर्तुगीजच?

मी पंचवीसेक वर्षं गोव्यातल्या घराघरांतले मोडी कागद लावून देण्याचं काम करतो आणि रविवारी सकाळी हौशी मंडळींना पायी शहर दाखवतो. त्यामुळे उत्तर लांबणार. कंटाळा आला तर शेवटच्या दोन परिच्छेदांवर उडी मारा, कामाच्या सूचना तिथे आहेत.

सुरुवात चर्चच्या पायऱ्यांपासून करू नका. सगळे तिथूनच करतात, फोटो काढतात आणि शहर बघून झालं म्हणतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं. ते बघून सकाळच्या ओहोटीला ओरेंच्या खाडीवर, पाटोच्या जुन्या पुलाजवळ जाऊन उभे राहा. पाणी उतरलेलं असतं, काळा चिखल उघडा पडलेला असतो, त्यात खेकड्यांची भोकं, कडेला तिवरं, आणि नाक मुरडायला लावणारा वास. हा चिखल म्हणजे मूळ पणजी. ताळगावच्या गावकारीची, म्हणजे सामायिक जमीन सांभाळणाऱ्या गावसंस्थेची, ही एक वाडी. मधे आल्तिनचा डोंगर, पूर्वेला ही खाडी, पश्चिमेला सांतिनेजची खाडी, उत्तरेला मांडवी, आणि उरलेल्या जागेत माडांची भाटं म्हणजे बागा, खाजन म्हणजे खारं पाणी बांधानं अडवून केलेली शेती, आणि दलदल. मांडवीच्या काठावर आदिलशहाचा एक वाडा होता, तो १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेला. पुढची दोन-अडीचशे वर्षं पणजीला फारसं कुणी विचारत नव्हतं, राजधानी वर जुन्या गोव्यात होती.

जुनं गोवं रोगराईनं ओस पडत गेलं. व्हाइसरॉयनं १६९५ मध्ये मुक्काम जवळच्या पणेलीला हलवला आणि १७५९ मध्ये तो आदिलशहाच्या वाड्यात पणजीला आला. साहेब आला की कारकून येतात, कारकुनांमागे वाणी येतात. पण शहर म्हणावं असं काही उभं राहिलं ते एकोणिसाव्या शतकातच, आणि त्यातही मुख्यतः दों मानुएल द पुर्तुगाल ए काश्त्रु या माणसाच्या हातून. १८२७ ते १८३५ अशी आठेक वर्षं तो इथे आधी गव्हर्नर आणि मग व्हाइसरॉय होता. दलदल बुजवून घेतली, सरळ रस्ते आखले, नदीकाठी सैन्यासाठी ती लांबलचक बराकीची इमारत बांधली. आज तिच्या एका टोकाला पोलीस मुख्यालय आहे आणि दुसऱ्या टोकाला मिनेझिस ब्रागांझा संस्था. इतकी लांब इमारत असूनही लोक तिच्याकडे इमारत म्हणून बघतच नाहीत, रस्त्याची भिंत समजून पुढे जातात. १८४३ च्या मार्चमध्ये राजाज्ञेनं या गावाला 'नोव्हा गोवा' नाव आणि शहराचा दर्जा मिळाला. बोलण्यात मात्र लोक पणजीच म्हणत राहिले.

बुजवलेली दलदल कुठे होती हे नकाशा न बघता कळतं. जुलैत या, 'अठरा जून' नावाच्या रस्त्यावर तास-दीड तास पाऊस पडू द्या आणि पाणी कुठे साचतं ते बघा.

मोडी कागदातही हेच दिसतं. एका घरातून आलेला एक कागद मला अजून आठवतो. हातभर लांब, घड्यांवर फाटलेला, वर 'श्री', आधी आडवी रेघ मारून घेतलेली आणि मग त्या रेघेला लोंबकळत, बोरू न उचलता लिहीत गेलेली अक्षरं. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, त्यामुळे पहिला अर्धा तास नुसता कुठे तोडायचं यातच जातो. माडांच्या एका भाटाची चतुःसीमा होती: पूर्वेस खाडी, उत्तरेस मानस, पश्चिमेस बांध, दक्षिणेस डोंगर व त्याखाली झर. चारपैकी तीन सीमा पाण्याच्या किंवा पाणी अडवण्याच्या. मानस म्हणजे खाजनाच्या बांधातला लाकडी दरवाजा, भरतीला बंद होतो आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतो. तो कागद घेऊन मी आणि त्या घरातले काका जागा शोधायला गेलो. झर होती, तिच्याभोवती भिंत घातली होती. बाकी तिन्ही बाजूंना पार्किंग.

त्याच कागदात 'आफ्रामेंत', 'फोर', 'इश्क्रिव्हांव' हे शब्द मराठी विभक्ती लावून बिनदिक्कत बसलेले होते. आफ्रामेंत म्हणजे कायम पट्ट्यानं दिलेली जमीन, फोर म्हणजे तिचा वार्षिक खंड आणि इश्क्रिव्हांव म्हणजे कारकून. रक्कम शेराफिनात. पाच टांगांचा एक शेराफिन, दोन शेराफिनांचा एक रुपया, असा त्या काळचा हिशेब. पुढे रुपयाचे टांग सोळा झाले. पुण्याहून आलेल्या एका मोडी शिकणाऱ्या मुलीनं हा कागद बघून 'ही मराठी कुठली?' असं विचारलं होतं. इथलीच. पोर्तुगीज कचेरीत उभं राहून, खिडकीतून आत बोलणाऱ्या माणसाची.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. पणजीत हिंदू व्यापारी आधीपासून होते. आदिलशहाच्या वाड्याच्या शेजारीच म्हामाय कामतांचं ऐसपैस घर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला या घराण्याचा व्यापार तंबाखू-अफूपासून फ्रेंच जहाजांच्या दलालीपर्यंत पसरलेला होता. त्यांची दप्तरं आता पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये अभ्यासकांसाठी ठेवलेली आहेत. पोर्तुगीज, फ्रेंच आणि मोडी मराठी कागद एकाच रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, सापडतात. सरकारला यांच्याशिवाय चालत नव्हतं आणि यांना देऊळ बांधायला मात्र परवानगी नव्हती, ही परिस्थिती बराच काळ होती. पोर्तुगीज अमलात पणजी शहरात पहिलं देऊळ उभं राहिलं ते महालक्ष्मीचं, १८१८ मध्ये. तिकडे पेशवाई बुडाली तेच साल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला साल लक्षात ठेवायला बरं पडतं.

महालक्ष्मीच्या देवळात गेलात तर वास्तू म्हणून फार अपेक्षा ठेवू नका. पुढे बरीच डागडुजी झालेली आहे. सकाळी नऊच्या आधी जा. फुलवाल्या बायका केळीच्या पानात अबोली आणि जायांच्या फात्यो मांडत असतात. आमच्याकडे गजऱ्याला फाती म्हणतात. मधेच एखादी ख्रिस्ती बाई स्कूटर थांबवून फुलं घेऊन पुढे जाते. आरती मराठीत, घासाघीस कोंकणीत, फुलांचा भाव रुपयांत आणि देवळाच्या मागच्या रस्त्याची जुनी पाटी पोर्तुगीजमध्ये.

एकोणिसाव्या शतकातल्या पणजीची एक खोड माझ्या खास आवडीची आहे. हे शहर जुन्या घराच्या वाशांवर उभं आहे. आपल्याकडे खेड्यात वाडा मोडला की तुळया, चौकटी, कोनाडे नव्या घराला लावतात, अगदी तसं. १८३५ च्या सुमारास ख्रिस्ती साधूंचे धर्मसंघ बरखास्त झाले, जुन्या गोव्यातले मठ रिकामे पडले आणि ढासळू लागले. त्यांचं सामान नदीनं खाली आलं. आझाद मैदानातला खांबांचा मंडप बघा. तो १८४७ मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोंस द आल्बुकेर्कच्या पुतळ्यासाठी बांधला आणि त्याचे खांब जुन्या गोव्यातल्या डोमिनिकन चर्चच्या अवशेषांतले. पुतळा आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात परत गेलाय, म्हणजे जिथला तिथे, आणि मंडपात गोवा मुक्तिलढ्यातल्या त्रिस्तांव ब्रागांस कुन्यांचं स्मारक आहे. खांब तेच, यजमान बदलला.

मोठ्या चर्चची घंटाही तशीच. जुन्या गोव्यातल्या आगुस्तिनकारांच्या मठाचं छत १८४२ मध्ये कोसळलं. तिथली सव्वादोन टनांच्या आसपास वजनाची घंटा शेवटी १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढवली. तुम्ही फोटोत बघता त्या नागमोडी पायऱ्याही त्याच दशकातल्या. चर्च खूप जुनं, सोळाव्या शतकातलं, १६१९ मध्ये पुन्हा बांधलेलं. पण ज्या रूपानं ते प्रसिद्ध आहे ते रूप एकोणिसाव्या शतकाचं. फोंतायनीस या जुन्या वस्तीतल्या सां सेबास्तियांवच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, गेलात तर तिथला क्रूस नीट बघा. हा क्रूस इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो आदिलशहाच्या वाड्यात आणला आणि तिथून १९१८ मध्ये इथे. ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, मान खाली पडलेली नाही. ज्या खोलीत लोकांच्या चौकश्या झाल्या त्या खोलीतली मूर्ती आज गल्लीतल्या आज्या रोज सकाळी फडक्यानं पुसतात.

फोंतायनीस हे नावच झऱ्यावरून पडलं. आल्तिनच्या पायथ्याला मळा नावाच्या वस्तीत 'फोंत फेनिक्स' म्हणून झरा आहे, तिथून. अठराव्या शतकाच्या शेवटी आंतोनियु जुवांव द सिकेर नावाच्या, मोझांबिकमध्ये पैसा करून आलेल्या माणसानं इथं माड लावले. लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. पुढे ही जमीन चिंबलच्या कार्मेलित साधूंकडे गेली, त्यांचा मठ बंद झाल्यावर सरकारकडे, आणि मग तिच्यावर घरं चढली. घरांचे रंग बघायला सगळं जग येतं. त्यामागचं कारण साधं आहे: लाल चिऱ्याच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा, त्याला पावसाळ्यात शेवाळ धरतं, म्हणून दरवर्षी पाऊस सरत आला की पुन्हा चुना. चुन्यात नीळ टाकली की निळं, काव टाकली की तांबूस, पिवळी माती टाकली की पिवळं. माझ्या लहानपणी चतुर्थीच्या आधी घरोघर बादल्यांत चुना खदखदत असायचा आणि आम्हाला जवळ जायची बंदी असायची. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिक पेंट आहे. तो फुगून पापुद्र्यांनी निघतो, कारण आतला चिरा दमट असतो आणि त्याला श्वास घ्यायला वाट उरत नाही. कुणी जुनं घर घेऊन मला विचारलं तर मी हात जोडून चुनाच लावा म्हणतो.

इथे एक कबुली. फोंतायनीसमधून जाणाऱ्या '३१ जानेवारी रस्त्या'चं नाव पोर्तुगालला स्पेनपासून स्वातंत्र्य मिळाल्याच्या दिवसावरून पडलं, असं मी दोन-तीन वर्षं बिनधास्त सांगत होतो. सगळेच वाटाडे सांगतात. एकदा गटातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि चहा पिताना हळूच म्हणाले, 'ते स्वातंत्र्य १ डिसेंबर १६४०. हा ३१ जानेवारी १८९१, पोर्तु शहरातला प्रजासत्ताकवाद्यांचा फसलेला उठाव.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ही दुरुस्ती मोलाची आहे, कारण मग प्रश्न पडतो की राजाविरुद्ध फसलेल्या बंडाचं नाव पणजीच्या गल्लीला का? पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही गेली आणि नव्या सरकारनं आपले वीर इथल्या भिंतींवरही लावून टाकले. रस्त्यांची नावं बदलण्याची आपली हौस काही आजची नाही.

सरकारी बाजूचं एकोणिसावं शतक मी भरभर सांगतो, कारण ते पुस्तकांत मिळतं. १८२१ मध्ये सरकारी छापखान्यातून 'गाझेत द गोवा' निघालं. १८३२ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय, तेच आजचं पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय. १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा, आशियातल्या अगदी जुन्यांपैकी एक, तिच्या नंतरच्या इमारतींत आता चित्रपट महोत्सवाची गर्दी असते. १८५४ मध्ये लिसेव, म्हणजे सरकारी माध्यमिक शाळा. १८३५ मध्ये बेर्नादु पेरिश द सिल्व्ह हा गोंयकार प्रीफेक्त म्हणून सत्तेवर आला आणि तीन आठवडे व्हायच्या आत लष्करानं त्याला हाकललं. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या कारभाराच्या प्रमुखपदी बसलेला हा एकटाच गोंयकार. १८५२ मध्ये सत्तरी तालुक्यात दीपाजी राणे पोर्तुगीजांविरुद्ध उठले, १८९५ मध्ये दादा राणे. पणजीच्या गल्ल्यांत याची खूण दिसत नाही, कारण पणजी ही राण्यांच्या विरुद्ध बाजूची जागा. आणि १९०० च्या जानेवारीत 'उ हेराल्दु' हे गोव्यातलं पहिलं दैनिक इथूनच निघालं.

एक गोष्ट मात्र पुस्तकातून निघून थेट घरात बसलेली आहे आणि ती तुम्हाला कुठल्याही पर्यटनाच्या फलकावर दिसणार नाही. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाला. हिंदूंच्या काही रिवाजांना १८८० च्या फर्मानानं त्यात वेगळी जागा मिळाली. मुक्तीनंतर तो तसाच ठेवला गेला. वारसाहक्काचा भाग २०१६ पासून राज्याच्या नव्या कायद्यात आला. आमच्याकडे लग्न ठरलं की पहिला प्रश्न असतो, 'सह्यो जाल्यो?' नोंदणी कचेरीत आधी पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी सही, आणि मग भटजी, पाद्री किंवा काझी. वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. माझ्या चुलत्यानं भाटातला तुकडा विकायला काढला तेव्हा काकूनं सही करायला साफ नकार दिला आणि तो व्यवहार तिथेच अडला. काकू शाळेत चौथीपर्यंत गेली होती. १८६७ हे साल तिला ठाऊक नव्हतं, पण तिच्या सहीशिवाय पान हलणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

परंपरा म्हणाल तर कानांनी शोधा. पहाटे साडेसहाला सायकलचा पोंगा वाजतो, तो पदेर, म्हणजे पाववाला. टोपलीत निळं प्लॅस्टिक, त्याखाली उंडे, पोये, काकणं. काकणं म्हणजे बांगडीसारखी कडक गोल, चहात बुडवून खायची. दातदुखी असलेल्यांनी ती दुरून बघावी. गव्हाचा फुगवलेला पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि पूर्वी यीस्ट नव्हतं म्हणून पीठ माडाच्या सुरेनं, म्हणजे माडीनं, फुगवायचे. आज बहुतेक भट्ट्यांत सूर जाऊन यीस्ट आलंय, भट्टी लाकडाची आहे अशाही थोड्याच, पण पोंगा टिकून आहे. एखाद्या दिवशी पदेर आला नाही तर वाड्यावर फोन फिरतात.

चतुर्थीला आलात तर कुणाच्या तरी घरी आरतीला जाच. महाराष्ट्रात ऐकलेल्या त्याच मराठी आरत्या, 'सुखकर्ता' तीच, पण ताल वेगळा, कारण हाताशी घुमट आणि शामेळ ही तालवाद्यं. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं ताणलेलं, दुसरं तोंड डाव्या तळव्यानं उघड-मीट करत घुमवायचं. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. त्यावर बंदी आल्यावर घुमट जवळजवळ अडगळीत गेलं होतं, मग बकऱ्याच्या कातड्यावर हात बसवले गेले. २०१९ मध्ये सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. आरती तास-तास चालते आणि लय चढत जाते. पुण्याचे पाहुणे पहिल्या दहा मिनिटांत टाळ्या विसरून नुसते बघत राहतात. हेच घुमट ख्रिस्ती घरांत मांडो-दुल्पद या कोंकणी गाण्यांना वाजतं. मांडो हेही एकोणिसाव्या शतकाचं अपत्य, पण ते दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या वाड्यांतलं, पणजीचं नव्हे.

आणि तियात्र, म्हणजे कोंकणी संगीत नाटक? तो गोव्याचा म्हणून सगळे सांगतात, पण त्याचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला, लुकाझिन्य रिबेर या गोंयकारानं केलेला. त्या काळात गोव्याचं निम्मं तरुण रक्त मुंबईला गिरगाव-धोबीतलावात राहत होतं. म्हणून तुम्ही मुंबईचं एकोणिसावं शतक बघितलंय म्हणता, तेव्हा आमचंही थोडं बघूनच आलाय.

आता कामाच्या सूचना. दोन सकाळी मोकळ्या ठेवा. पहिल्या दिवशी ओरेंची खाडी, फोंतायनीस, मळ्याचा झरा, मग आल्तिनवर चढून खाली महालक्ष्मी. घरांचे फोटो काढताना उघड्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, आत कॅमेरा घालू नका. आत माणसं कण्हेरी, म्हणजे पेज, खात असतात, आणि गेल्या काही वर्षांत तिथले लोक या प्रकाराला खरोखर कंटाळलेत. दुसऱ्या दिवशी चर्चचा चौक, आझाद मैदान, बराक, आदिलशहाचा वाडा, आणि तिथून रिबंदरच्या रस्त्यानं जा. तो सुमारे तीन किलोमीटरचा बांध कोंद द लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या काळातला, १६३३-३४ चा. अजून रोज हजारो गाड्या त्याच्या पाठीवरून जातात. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. उन्हाळ्यात आलात तर मिठाचे पांढरे ढीग दिसतील.

महिना निवडायची मोकळीक असेल तर ८ डिसेंबर धरून या. त्या दिवशी मोठ्या चर्चचं फेस्त म्हणजे उत्सव, खालच्या रस्त्यांवर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, लागते. खाजें घ्या, म्हणजे बेसनाच्या कांड्यांवर आल्याचा गूळ, दात सांभाळून. महिना-दोन महिन्यांनी मळ्यातल्या मारुतीची जत्रा येते, तिथेही तीच खाज्यांची दुकानं, बहुतेक तेच दुकानदार. मागच्या वर्षी एका खाजेकाराला विचारलं, फेस्ताला धंदा जास्त की जत्रेला? तो म्हणाला, 'जत्रेक. फेस्ताक लोक भाव करतात.' शेजारचा खाजेकार लगेच म्हणाला, नेमकं उलटं. दोघांकडून पाव-पाव किलो घेऊन मी निघालो.